पहिल्या झाडाचा दोरा

बेंगळूर तक्काळी बाजारात आली आणि दोन-तीन वर्षांत तंजावूरच्या परसांतून जुने टोमॅटो नाहीसे झाले. तक्काळी म्हणजे टोमॅटो. आमच्या घरांत मराठी बोलतानाही हाच शब्द चालतो. ही नवी तक्काळी लांबट, जाड सालीची होती आणि लॉरीतून कितीही लांबून आली तरी फुटत नसे. बियांच्या दुकानात रंगीत चकचकीत पाकिटं टांगलेली असत आणि पाकिटावरच्या फोटोतलं फळ खरोखर तसंच येई. तेव्हा सगळंच नवं येत होतं. केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले, शांपू पुडीत मिळू लागला. अशा दिवसांत दोन दिवसांत लिबलिबीत होणाऱ्या आंबट टोमॅटोसाठी कुणी हळहळत बसणार नव्हतं. मी यादी करायला घेतली.

मी कचेरीत आवक-जावक बघत असे. आलेल्या कागदाला आकडा द्यायचा, कुठून आला, कुठे गेला ते लिहायचं. अशी नोकरी वीस वर्षं केली की माणूस घरातल्या लोणच्याच्या बरण्यांनासुद्धा आकडे देतो. माझ्या बियांच्या वहीत सहा रकाने होते: वाण, कुणाकडून आलं, पेरणी, रोप हलवलं, पहिलं फळ, राखणारा. वही तमिळमध्ये लिहिलेली, कारण ती वाचणारे बहुतेक तमिळच होते. दर वर्षी तिच्या झेरॉक्स काढून मी सगळ्यांना वाटत असे.

सगळे म्हणजे अकरा-बारा माणसं. तिरुवैयारुला चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांच्या ओसरीवर आम्ही आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, कावेरीला नवं पाणी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी जमत असू. प्रत्येकानं आपापलं बी लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत भरून आणायचं. नियम मोजके होते आणि ते मी केले होते. बी फुकट द्यायचं नाही, फुकट घ्यायचं नाही; बियाला बीच द्यायचं. एका माणसाला एका वाणाचे वीस दाणे, जास्त नाहीत. घेतलेलं बी उगवलं की मेलं ते पुढच्या वर्षी खरं सांगायचं. मास्तरांना माझे नियम थोडे जाचक वाटत. ते म्हणत, “ताई, ही झाडं आहेत, फायली नव्हेत.” पण एका वर्षी त्यांची पिवळी लिंबाएवढी तक्काळी पावसानं सगळी कुजली, आणि वही बघून ती कुणाकुणाकडे आहे ते दहा मिनिटांत सापडलं. त्यानंतर फायलींचं नाव निघालं नाही.

आमच्याकडे तेव्हा चौदा वाण होते. कुणाकडे डोंगरावरच्या बंगल्यातल्या स्वयंपाक्याकडून आलेली काळपट जांभळी, कुणाकडे बुगडीच्या मोत्यासारखी घोसानं लटकणारी. वहीत पहिल्या आकड्याला होती आमची, निऱ्यांची. चपटं फळ, देठापासून खालपर्यंत खोल चुण्या, नेसलेल्या लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. खांदे हिरवेच राहायचे. सारात टाकली तर चिंच लागत नसे. ती माझ्या सासरच्या परसात होती, तिथून मी कुणाकुणाला बी दिलं. पण आमची जमीन तिला मानवत होती तशी दुसरी कुठली मानवली नाही. सहा घरी गेली आणि सहाही ठिकाणी दोन-तीन वर्षांत संपली. उरली ती फक्त आमच्या विहिरीमागच्या पट्टीत, दहा झाडं.

आमच्या घरात एक नेम होता. लेक सासरी गेली की दर हंगामात परसातलं जे झाड सगळ्यांत आधी पिकेल ते तिचं. फळाला लाली आली की त्या झाडाला हळदीचा दोरा बांधायचा. मग त्या झाडाची हंगामभरातली सगळी फळं तिच्या घरी जायची. त्यातलं एकही घरात चिरायचं नाही, आणि त्याचं बी ठेवायचं नाही, कारण लेकीला दिलेलं परत घेत नाहीत. भोपळ्याच्या वेलालाही हेच, मिरचीलाही हेच. पण घरात दोन पिढ्या लेकच नव्हती. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण जन्मली, वाढली, पापनाशमला दिली, आणि तेव्हापासून दोरा पुन्हा बांधला जाऊ लागला. त्याला चाळीस वर्षं झाली होती. भोपळा आणि मिरची केव्हाच गेली. तक्काळीचा दोरा राहिला.

वन्सं माहेरी क्वचित येत. मामंजी गेल्यावर शेताच्या कागदांवर त्यांनी काही न विचारता सही केली होती, आणि भावाकडून कधी साधं लुगडंही मागितलं नव्हतं. पण तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, टोपली दोन दिवस उशिरा गेली तर शेजारच्या घरी फोन यायचा.

तो उशीर माझ्या वहीत आधी दिसला. एका आडीत मास्तरांकडे जायच्या आधी मी नवी प्रत काढत होते आणि “पहिलं फळ” या रकान्यावरून बोट खाली फिरवत होते. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा पहिलं फळ पोंगलच्या आठवड्यात लाल व्हायचं, म्हणजे संक्रांतीलाच. मग काही वर्षं तैपूसमला, म्हणजे तैच्या पौर्णिमेला. मग त्याच्याही मागून. गेल्या हंगामात दहातलं एकच झाड तै संपता संपता पिकलं आणि बाकीची नऊ थेट पुढच्या महिन्यात, मासी मगमच्या सुमाराला, महिनाभर उशिरा. आमच्याकडे पंगुणीत, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, ऊन तापलं की टोमॅटोची फुलं गळतात. नऊ झाडांना मिळून जेमतेम दोन परड्या फळं आली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर एकही धरलं नसतं.

मी दोष खताला दिला, विहिरीला दिला, पेरणीच्या तारखा तपासल्या. तारखा तर वर्षानुवर्षं त्याच होत्या. मग रविवारी मास्तरांच्या ओसरीवर वही उघडली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून रकाना वाचला आणि मला एकच गोष्ट विचारली: बी कुठल्या झाडाचं धरता? मी म्हटलं, सगळ्यांचं, फक्त पहिलं झाड सोडून. असं म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

लवकर पिकणारं झाड आम्ही दर वर्षी दोरा बांधून घराबाहेर काढत होतो. जे मागे राहिलं त्याचं बी पेरत होतो. त्यातलं जे पुन्हा पहिलं, तेही बाहेर. चाळीस वर्षं आम्ही उशिराची तक्काळी निवडत आलो होतो, तीही प्रेमानं. दुसऱ्या नंबरच्या झाडाचं बी धरून आता काही होण्यासारखं नव्हतं, कारण दुसरा नंबर महिनाभर मागे होता. पुढच्या हंगामात पुन्हा एखादं लवकरचं झाड आलं, तर त्याचं बी हातात यायला हवं होतं. नाही तर निऱ्यांची तक्काळी माझ्या वहीत उरेल, परसात नाही.

मी ठरवलं की बी मिळवायचंच.

नवऱ्याला सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वहीही पाहिली, आणि म्हणाले, “अक्काशी तू बोल. मी धाकटा. मज ती अजून कान धरून उभा करील.”

मी बोलले नाही, हीच माझी चूक. वाटलं, सव्वीस फळांतली तीन कुणाला कळतात. त्या हंगामात पुन्हा एकच झाड आधी पिकलं. मी दोरा बांधला, पहिला तोडा काढला, तीन मोठी फळं खिडकीत ठेवली आणि बाकीची टोपलीत भरली. माझ्याच कचेरीतले एकजण पापनाशमहून रोज पॅसेंजरनं ये-जा करत. टोपली त्यांच्या हाती जायची. टोपलीत मी नेहमी चिठ्ठी ठेवत असे, वाटेत काही हरवलं तर कळावं म्हणून. सवयीनं याही वेळी लिहिली: पहिलं झाड, पहिला तोडा, फळं सव्वीस, पैकी तीन बियांसाठी ठेवली, पाठवली तेवीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली माझ्या टेबलावर होती. तेवीसच्या तेवीस.

“घेतली नाही त्यांनी,” सहकारी जरा ओशाळून म्हणाले. “चिठ्ठी मात्र ठेवून घेतली.”

सगळ्या विभागानं दिवसभर त्या टोपलीकडे पाहिलं. एकानं विचारलंही, विकायची आहेत का. माझ्यापुढे प्रश्न सोपा नव्हता. फळं आमच्या घरात चिरता येत नव्हती, त्यांच्या घरात घेतली जात नव्हती, आणि पिकलेली तक्काळी वाट बघत नाही. दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी जाऊन खिडकीतली तीन फळं परत टोपलीत ठेवली, वही पिशवीत घातली आणि पापनाशमवरून जाणाऱ्या कुंभकोणमच्या बसमध्ये बसले. टोपली मांडीवर. उतरेपर्यंत दोन फळं मऊ पडली होती.

वन्सं मागच्या पडवीत शेवग्याचा पाला निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “आलीस? बस. काफी घे,” एवढंच म्हणाल्या. सून काफी घेऊन आली, मी घेतली, डबरा-टंबलर खाली ठेवलं. आमच्याकडे भांडणसुद्धा काफी झाल्याशिवाय सुरू होत नाही.

मग त्या बोलल्या. जुन्या पापनाशमच्या घरांत आमची मराठी अजून जुन्या वळणाची आहे, आणि रागावल्या की वन्सं आणखीच जुनं बोलत.

“त्या घरांतून मज काय येतें? एक झाड येतें. त्यांतलीं तीन फळें तुज कमी पडलीं?”

मी माफी मागितली. ती मागायचीच होती, ती आधी उरकली. मग वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना तमिळ वाचता येत होतं, पण चष्मा आत होता, म्हणून मीच वाचलं. अमुक वर्षी पोंगलला, अमुक वर्षी तैपूसमला, अमुक वर्षी त्याच्या मागून. एकेक ओळ सावकाश वाचली. त्या पाला निवडतच होत्या.

“तुझी वही किती वर्षांची?”

“सोळा.”

“मी साठांची आहें.” आणि मग वहीत नसलेलं सगळं त्यांनी सांगितलं. त्या परकरात होत्या तेव्हा मार्गळीच्या, म्हणजे पोंगलच्या आधीच्या महिन्याच्या, थंडीत तक्काळी लाल व्हायची. भोगीच्या सकाळी दारात जुनं-पानं जळत असायचं आणि आत त्यांची आई स्वतःच्या परसातल्या फळांचं सार करायची. त्यांच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्यांना लख्ख आठवत होतं. टोपली घेऊन वडील स्वतः आले होते, पोंगलच्या आधी चार दिवस, आणि सासूबाईंनी चार घरी एकेक फळ वाटलं होतं, सुनेच्या माहेरचं म्हणून.

बोलता बोलता त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून दोऱ्याचं काही बोलले नव्हते. ते सोप्या शब्दांत कसं मांडावं याची मी बसमध्ये तयारी केली होती. ती कामाला आली नाही.

“पहिलें माझ्याकडे येतें,” त्या म्हणाल्या. “म्हणजे बी कधी त्याचें नाहींच.”

“नाही.”

“म्हणजे माझ्यामुळें झालें हें.”

आरडाओरडा होईल, रडणं होईल, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. याची नव्हती. मी म्हटलं, “तुमच्यामुळं नाही, वन्सं. आम्ही बांधला दोरा. तुम्ही तर फक्त सार केलंत.” त्यावर त्या थोडं हसल्या. पाल्याची काडी हातातच होती. आतून टीव्हीवरच्या एका मालिकेचं रडणं ऐकू येत होतं.

मग मी माझा प्रस्ताव ठेवला. फळं तुमचीच, सगळी. फक्त बी मला द्या, मी धुऊन वाळवून ठेवीन. त्यांनी मान हलवली. लेकीला दिलेलं परत घेत नाहीत. हे त्यांच्या वडिलांच्या घरचं होतं आणि ते त्या मोडणार नव्हत्या. मीही हलणार नव्हते. मी सांगितलं की बी घेतल्याशिवाय मी आज उठत नाही, शेवटची बस चुकली तर इथेच झोपेन. त्यांनी विचारलं, तुझ्या त्या मंडळींत बी कसं देतात? मी म्हटलं, फुकट नाही. बियाला बी.

“मग तेंच कर.” त्यांनी सूप बाजूला सारलं. “फळें माझीं. बी मी धरीन, माझ्या हातानें. वहींत राखणारी म्हणून माझें नांव. ज्यास पाहिजे तो आडींत मज येऊन मागेल आणि बदल्यांत कांहीं देईल.”

“मीसुद्धा?”

“तूं सर्वांआधी.”

परत घेणं नव्हतं ते, अदलाबदल होती. नेम शाबूत राहत होता आणि बी घरात येत होतं. माझ्या बाजूनं फक्त एक रकाना जात होता. तो जाताना किती लागेल हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या आकड्याच्या वाणापुढे सोळा वर्षं माझं नाव होतं. मी पेन काढलं, आडवी रेघ मारली आणि वन्सं बघत असताना त्यांचं नाव लिहिलं. आकडा नीट आहे का ते त्यांनी सुनेकडून वाचून घेतलं.

बी कसं धरावं याचं एक पान मी त्यांना लिहून दिलं. गर भांड्यात दोन-तीन दिवस ठेवावा, वर साय धरली की धुवावा, कागदावर सावलीत वाळवावा, पाकिटावर तारीख घालावी. पंधरा दिवसांनी दुसरा तोडा घेऊन गेले तेव्हा ते पान फडताळात डब्यांखाली घातलेलं होतं. बी होतं पडवीच्या भिंतीवर, राख मिसळलेल्या शेणाच्या गोवरीत दाबलेलं. त्यांची आई असंच करायची म्हणे. मी किड्याचं बोलले, मुंग्यांचं बोलले, उंदरांचं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि काफी दिली. पुढचे पाच महिने त्या गोवरीवर माझा काहीच अधिकार नव्हता, आणि ते पाच महिने मला फार लांब गेले.

आडीतल्या रविवारी वन्सं तिरुवैयारुला आल्या त्या मुंजीला आल्यासारख्या, रेशमी लुगडं नेसून. गोवरी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर. मास्तरांनी भिंग आणून ती उलटसुलट पाहिली आणि एकही दाणा किडलेला नाही असं जाहीर केलं. जाहीर करताना त्यांनी माझ्याकडे पाहायची काही गरज नव्हती. लवकरच्या झाडाचं बी आहे हे झेरॉक्समध्ये सगळ्यांनी वाचलं होतं, त्यामुळे प्रत्येकाला ते हवं होतं. वन्सांनी प्रत्येकाची उलटतपासणी घेतली. माती कसली, पाणी विहिरीचं की नळाचं, कोंबड्या आहेत का, आणि घरात लेक आहे का. गच्चीवर कुंडीत लावणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी साफ नाही म्हटलं. ते मास्तरांचे व्याही होते. माझ्या नियमांत नकाराची सोयच नव्हती. मी तिथल्या तिथे ती करून टाकली.

मग माझी पाळी. मी काळी जांभळी पुढे केली, माझ्याकडचं सगळ्यांत दुर्मिळ वाण. काळं फळ देवाला चालत नाही, म्हणून ते बाजूला सारलं गेलं. पिवळं त्यांना कावीळ झाल्यासारखं वाटलं. शेवटी बुगडीच्या घोसाचं बी पसंत पडलं. त्यांनी नखानं गोवरीतून एकेक दाणा काढत वीस मोजले. एकविसावा चिकटून आला होता, तो परत दाबून बसवला.

विसातले सतरा उगवले. विहिरीमागच्या पट्टीत दहा लावले, सात इतरत्र. कार्तिकात पाऊस फार झाला आणि दोन कुजले. मी रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी एक फेरी मारत असे. वहीत त्या वर्षी नुसत्या “हिरवं”, “हिरवं”, “हिरवं” अशाच नोंदी आहेत. पोंगल कोरडा गेला. तैपूसमच्या आदल्या दिवशी एका झाडावर लाली दिसली, संध्याकाळपर्यंत दुसऱ्यावर, आणि आठवडा संपायच्या आत चार झाडं पिकली.

पहिलं ठरल्याप्रमाणे पापनाशमला गेलं. उरलेल्या तिन्हींचं काय करायचं ते माझ्या नियमांत नव्हतं, कारण अशी वेळ येईल असं मी धरलंच नव्हतं. मी बूथवर जाऊन फोन लावला. मला वाटत होतं त्यांचंही बी धरावं, हाताशी जास्त असलेलं बरं. वन्सांनी आधी मला विचारलं की पहिल्या टोपलीत पाच फळं हिरवट का आली, एवढी घाई कसली होती. मग मी तीन झाडांचं विचारलं.

“खा,” त्या म्हणाल्या. “सार कर, माझ्या भावास वाढ. बी मी देत्यें.”

मी घरी आले आणि तिन्ही झाडांची फळं उतरवली.